बिनफाटकाचे रूळ

पहाटे पाच. डुलुथ. उणे सव्वीस.
रात्रभर विजेवर शेकत ठेवलेल्या बसची वायर मी उपसते
आणि उजव्या बरगडीखाली तो उठतो.
आधी मुठीएवढा. मग मागे, खांद्याच्या पात्याखाली,
जणू कुणी आतल्या आत कोट अडकवायला
खुंटी चाचपतंय.

पित्ताशय काढलं त्याला चौदा महिने झाले.
बरणीत खडे दाखवले होते मला:
सोळा मक्याच्या दाण्यांसारखे, एक काळा.
लायल म्हणाला, घरी नेऊया, मासे ठेवतो त्या टाकीत घालू.
नर्स हसली नाही.
मी हसले, आणि टाके ओढले गेले.

त्याआधी पोट.
अंड्याएवढं कामावर ठेवलं,
उरलेलं आतच, कुलूप लावलेल्या खोलीसारखं.
वर्षभरात एकसष्ट किलो उतरले.
एकसष्ट किलो म्हणजे माझी बहीण मार्व्हा,
बर्फातल्या बुटांसकट.
इतक्या झपाट्यानं उतरलं की खडे होऊ शकतात,
हे लिहिलं होतं नवव्या पानावर.
त्याच्याखालीच माझी सही आहे. अक्षर चांगलं आलंय.

काढलंय ना ते? मग दुखतं काय?
असं विचारतात. चर्चमध्ये, बसच्या आगारात,
एकदा तर रात्री अडीच वाजता इमर्जन्सीमध्ये
एका मुलानं विचारलं, स्टेथोस्कोप गळ्यात घालून.
भिंतीवर चेहरे असतात, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत.
दहापैकी किती?
नऊ म्हटलं तर वाटतं, बाई गोळ्यांसाठी आली आहे.
पाच म्हटलं तर घरी.
मी सात सांगते.
खरा आकडा लायललाही माहीत नाही.

आई सगळी दुखणी अंगावर काढायची.
तिला तेवढं अंग होतं.
मी कशावर काढू?

डॉक्टर एंगब्रेट्सन कागदावर चित्र काढतो,
नळी, झडप, नळीला नळी.
झडप हट्टी झाली असेल, म्हणतो, किंवा एखादा खडा मागे राहिला असेल,
पण दुर्बीण तोंडातून तिथवर पोचायची नाही,
रस्ता वळवलाय ना आपण.
हे मला लगेच कळलं.
एकोणतीस वर्षं बस चालवतेय.
रस्ता वळवला की पिवळी पाटी लावतात,
आदल्या आठवड्यात पालकांना चिठ्ठी जाते.
इथे पित्ताला कुणी कळवलंच नाही.
ते अजून जुन्या वेळेला निघतं,
जुन्या थांब्यावर येतं,
आणि थांबा उचललेला.

मार्व्हा फोनवर म्हणाली,
जाडी होतीस तेव्हाच बरी होतीस का गं?
मी विचार केला. खरंच केला,
भांडी घासता घासता, पाणी गार होईपर्यंत.
नाही.
गुडघे, धाप, विमानात पट्ट्याला जोड मागणं.
पण तेव्हा प्रत्येक दुखण्याला उत्तर होतं.
कान दुखला तरी वजन.
आता वजन गेलं
आणि जाताना उत्तर घेऊन गेलं.

सात वाजून बारा. अकरा मुलं.
रूळ आले की थांबायचं, दार उघडायचं, कान द्यायचा,
गाडी असो वा नसो. नियम आहे.
इथे फाटक नाही. खाणीकडून खनिजाची गाडी येते, कधी येत नाही.
दार उघडलं की थंडी पाट्यासारखी आत येते,
मुलं आपोआप गप्प होतात.
दोन्ही हात स्टिअरिंगवर. तो आता खांद्यापर्यंत आलाय.
श्वास वरच्या वर घेते.

पहिल्या सीटवरचा ऐनो, दात पडलेला,
माझ्या तोंडाकडे बघतो.
आहे का?
काय?
गाडी.

थांब, म्हणते मी, ऐकू दे.

मागून कुणीतरी ओरडतं, दार लावा ना, मिस आर्डिस,
पाय गारठले.